भंगारातला सामुराई

पावसाळा सुरू झाला की आम्हा शिक्षकांच्या मागं एक काम लागतं. शाळाबाह्य मुलांचा शोध. जुलै २०२२ मध्ये शासनानं 'मिशन झिरो ड्रॉपआउट' ही मोहीम काढली तेव्हा कोरोनाच्या दोन वर्षांत गळालेली मुलं शोधत आम्ही कोल्हापूरच्या गल्ल्या पालथ्या घालत होतो. सदर बाजारच्या बाजूची वस्ती माझ्या वाट्याला आली होती. उर्दू शाळेतलं मूल हरवलं तर ते कुठं सापडतं हे आम्हाला पाठ असतं. गॅरेज, बेकरी, चिकनचं दुकान, फर्निचरचं पॉलिश आणि भंगार. आमच्या सातवीच्या पटावरचा एक मुलगा शाळा उघडल्यापासून वर्गात आलाच नव्हता. तो मला भंगाराच्या शेडमध्ये सापडला. पोत्यावर बसून हातोड्यानं जुने सेट-टॉप बॉक्स फोडत होता.

हे काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, त्यातही शिस्त असते. तांबं एकीकडे, ॲल्युमिनियम एकीकडे, हिरवे बोर्ड तिसरीकडे. प्लास्टिकमध्येही जात असते. मऊ वेगळं, कडक वेगळं. हा मुलगा नुसत्या आवाजावरून प्लास्टिक ओळखत होता. बी.एड.ला 'कृतीतून शिक्षण' या विषयावर मी पानंच्या पानं लिहिली होती, पण कृती करणारा विद्यार्थी असा पुढ्यात बसलेला पाहिला की फॉर्ममधल्या 'शिक्षणाची गोडी नाही' या रकान्यावर खूण करायला हात होत नाही.

त्याचे अब्बा चहा सांगायला गेले आणि मी बसायला जागा शोधत होते. तेवढ्यात त्यानं पुढची वस्तू हातोड्याखाली घेतली. राखाडी रंगाचा चौकोनी डबा. पुढं झडप.

"थांब बेटा, ते फोडू नकोस."

"व्हीसीआर हय टीचर. अंदर कुछ नै निकलता."

तो व्हीसीआर नव्हता. तसा दिसतो हे मात्र खरं, आणि तो मुद्दाम तसा केलेला आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८३ मध्ये आपल्या देशात टीव्हीवर खेळायचा जो गेम काढला तो लाल-पांढऱ्या खेळण्यासारखा होता. त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार असा कोसळला की दुकानदार गेमचं नाव काढू देईनात. म्हणून १९८५ मध्ये तिथं माल नेताना मासायुकी उएमुरा या इंजिनिअरच्या चमूनं यंत्राला व्हीसीआरचा वेश दिला. झडप उघडायची, कॅसेट आत सरकवायची, खाली दाबायची. तो वेश इतका बेमालूम की जवळजवळ चाळीस वर्षांनी सदर बाजारातला एक पोरगा त्याला फसला.

शेजारी भिजून सुकलेला खोक्याचा पुठ्ठा पडला होता. त्यावर इंग्रजीत 'सामुराई' असं नाव होतं. ते वाचलं आणि माझ्या पोटात कालवलं.

कारण माझे मामू. बिंदू चौकाजवळ त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं. १९९१ नंतर देशाचा बाजार उघडला आणि टीव्ही गेम घराघरांत शिरले. घराघरांत म्हणजे आमच्या नव्हे. आमच्याकडं ते तासावर खेळायला मिळत. कुणाच्या तरी पुढच्या खोलीत दोन टीव्ही, बाहेर चपलांचा ढीग, तासाला पाच रुपये. मारिओ, कॉन्ट्रा आणि एका कॅसेटमध्ये ९९९९ खेळ, ज्यातले दहा-बारा सोडले तर बाकीचे तेच ते. हे सगळे डबे नकली होते. 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी तैवान-चीनच्या चिपांवर चालणारे. ते नसते तर माझ्या पिढीला हा खेळ बघायलाही मिळाला नसता, त्यामुळं नकली म्हणून नाक मुरडायचं मला जमत नाही. अस्सल निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकला तो सामुराई या नावानं, आणि तो घेणारी घरं मोजकी. त्या काळी आयात कराचा बोजाच इतका होता की १९९५ मध्ये सेगाचा मेगाड्राइव्ह भारतात आला तो अठरा हजार रुपयांना. आणणारी कंपनी शॉ वॉलेस, जी लोकांना दारूसाठी माहीत! अठरा हजार म्हणजे तेव्हा आमच्या घराचं वर्षाचं भाडं भरून वर बरंच उरलं असतं.

तासाच्या खोलीत मुलींनी जायचं नसे. भाऊ आत, मी चपलांजवळ. पण मामूंच्या दुकानात दुरुस्त झालेला डबा 'टेस्टिंग'ला लावला की ते मला हाक मारत. "आ, दस मिनट खेलके देख. बंद पड़्या तो बोल." असले नकली डबे मी डझनांनी तपासले. सामुराई एकदाच आला होता. मामूंनी तो मऊ फडक्यावर ठेवला होता, आणि मला हात लावू दिला नव्हता.

असो. शेडमध्ये परत येऊ. डबा शाहूपुरीतल्या एका जुन्या घराच्या माळ्यावरून आला होता. २०१९ च्या महापुरात त्या घरात पाणी शिरलं, २०२१ मध्ये पुन्हा शिरलं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. दोन्ही वेळा पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. दुसऱ्या पुरानंतर घरमालकानं कंटाळून घर विकलं, राजारामपुरीत फ्लॅट घेतला आणि माळा मोकळा करायला आमच्या भंगारवाल्या भाईंना बोलावलं. पितळेची समई सोडून सगळा माळा आठशे रुपयांत. खालच्या मजल्यावरचे टीव्ही, फ्रिज, मिक्सर पुरात कुजले. माळ्यावर टाकून दिलेला डबा तेवढा कोरडा राहिला. त्याच्यासोबत एक राखाडी बंदूक होती, दोन रिमोट आणि एक कॅसेट.

मी भाईंशी सौदा केला. मुलगा सकाळी शाळेत येईल, दुपारनंतर शेडमध्ये. डबा फोडायचा नाही. तो चालू करायला मामू शिकवतील. भाईंनी खांदे उडवले. "एक डिब्बेके वास्ते पढ़ता हय तो पढ़ने दो."

मामूंचं दुकान केव्हाच बंद झालं आहे, डोळे अधू झाले आहेत, पण हात शाबूत. पहिल्या दिवशी डबा लावला तर लाल दिवा लुकलुकायला लागला आणि टीव्हीवर नुसता रंगीत पडदा. मुलाला वाटलं यंत्र मेलं. मामू म्हणाले, मेलं असतं तर दिवाच लागला नसता, हे कुणाची तरी वाट बघतंय. आणि खरोखर तसंच होतं. या यंत्रात एक पहारेकरी चिप असते. तशीच चिप कॅसेटमध्येही असते. दोघींची ओळख पटली नाही की यंत्र दर सेकंदाला स्वतःला बंद-चालू करत राहतं. नकली कॅसेट चालू नयेत म्हणून केलेली ही सोय, पण पिना गंजल्या तर अस्सल कॅसेटलाही ती ओळखत नाही. पिना ७२. मुलानं शाळेतली कोरोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली आणली. मामूंनी ती बाजूला सारली, त्यात चिकट असतं म्हणून. दुकानातून आयपीए आणायला लावलं. मग जुना टूथब्रश, चष्म्यावर चष्मा आणि एकेक पिन.

लहानपणी आम्ही सगळे काय करायचो? कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. माझी दादी आयतुल कुर्सी पढून आमच्या डोक्यावर दम करायची, तितक्याच श्रद्धेनं. कॅसेट चालायची ती परत नीट बसल्यामुळं. फुंकरीतल्या ओलाव्यानं उलट पिना गंजतात. हे मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "दादीको मत बोलना टीचर."

दिवाळीच्या सुट्टीत डबा चालू झाला. माझी दहा मिनिटं तीस वर्षांनी मला मिळाली. मी किती वाईट खेळले हे इथं लिहीत नाही.

विज्ञान प्रदर्शनात मुलानं तो मांडला. परीक्षकांपैकी एकानं विचारलं, यात विज्ञान काय? मुलानं बंदूक उचलली. बदकं मारायचा खेळ असतो. सगळ्यांना वाटतं बंदुकीतून काहीतरी सुटतं आणि टीव्हीला लागतं. प्रत्यक्षात बंदुकीतून काहीच निघत नाही. ती बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, इतक्या कमी वेळात की आपल्या डोळ्याला जेमतेम एक लुकलुक कळते. बंदुकीच्या नळीतल्या प्रकाश ओळखणाऱ्या डोळ्याला आधी काळं, मग पांढरं दिसलं तर नेम बरोबर. बदकं दोन असतील तर चौकोन एकामागून एक उमटतात, म्हणजे कोणतं मेलं तेही समजतं. आणि म्हणूनच ही बंदूक फक्त जुन्या काचेच्या ट्यूबच्या टीव्हीवर चालते. नव्या सपाट टीव्हीवर चित्र काही क्षण उशिरा पोचतं, तोवर यंत्रानं हिशेब मिटवलेला असतो. मुलानं हे अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत सांगितलं. बक्षीस सोलर चुलीला गेलं. ते दरवर्षी सोलर चुलीलाच जातं.

पण एका सहकाऱ्यानं फोटो फोनवर फिरवला, आणि मे २०२३ मध्ये पुण्याहून एका संग्राहकाचा फोन आला. नऊ हजार देतो म्हणाला. जगात हे यंत्र सहा कोटींहून जास्त खपलं, त्यामुळं यंत्र दुर्मीळ नाही. दुर्मीळ होता तो सामुराईचा पुठ्ठा आणि भारतात अधिकृत विकलेला डबा. मी आनंदानं भाईंकडं गेले. भाई ऐकून गप्प राहिले. मग म्हणाले, "जिसके माळेपे मिल्या उसकू मालूम हय क्या?"

मला राग आला. माळा त्यांनी उघड सौदा करून विकत घेतला होता. भाव ठरवला तो समोरच्यानं. घरात चार लेकरं, टेम्पोचा हप्ता थकलेला, आणि हा माणूस चालून आलेल्या पैशाला प्रश्न विचारतोय! मी त्यांना टेरी डीबोल्डची गोष्ट सांगितली. अमेरिकेत हा माणूस एका कंपनीत देखभालीच्या कामावर होता. कंपनी बुडाली, २००९ मध्ये तिच्या सामानाचा लिलाव झाला, त्यानं काही खोकी ७५ डॉलरना घेतली आणि माळ्यावर टाकली. २०१५ मध्ये त्याच्या मुलाला त्यात एक यंत्र सापडलं. निन्टेन्डो आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून करायला घेतलेला आणि भांडण झाल्यावर सोडून दिलेला गेम. त्याचा नमुना कुठं उरला असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. मार्च २०२० मध्ये तो ३ लाख ६० हजार डॉलरना विकला गेला. डीबोल्ड काही कुणाला विचारायला गेला नव्हता.

भाईंनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "उसके पास लिलावकी पावती थी ना?"

मुलाला मात्र दुसरीच गोष्ट आवडली होती. १९८३ मध्ये अटारी कंपनीनं न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरला, आणि २०१४ मध्ये तो उकरून काढला तेव्हा त्यातल्या कॅसेट एक लाखाहून जास्त डॉलरना गेल्या. तो म्हणाला, "इधर रहता तो गाडनेके पहिलेच हम उठाते."

पावतीचा प्रश्न तसाच राहिला आणि जून उजाडला. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात काय झालं ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. मोबाईलवरच्या स्टेटसचं निमित्त, बंद, दगडफेक, लाठीमार, दुकानांची मोडतोड, मग इंटरनेट बंद. आमची शाळा उघडायला आठवडा होता, म्हणून आम्ही घरातच होतो. भाईंची फेरी बरेच दिवस निघाली नाही. निघाली तेव्हा त्यांनी काही गल्ल्या स्वतःहून सोडल्या. वीस वर्षं ज्या गल्लीत "भंगारवाले चाचा" म्हणून पोरं मागं धावायची, तिथं एका बंगल्यात नळाची तोटी हरवली तेव्हा पहिला फोन त्यांना आला. तोटी नंतर घरातच मिळाली. तो फोन करायची आठवण मात्र कुणाला झाली नाही.

मग मला त्यांचा प्रश्न कळला. नऊ हजारांची चीज भंगारवाल्याच्या हातात कुठून आली, असं उद्या कुणी विचारलं तर? "मेरेकू कागज चाहिये टीचर. पैसा बादमें."

जुलैतल्या एका रविवारी आम्ही राजारामपुरीला निघालो. मी रिक्षानं. भाई आणि मुलगा हातगाडीवर ट्यूबचा एकवीस इंची टीव्ही ठेवून, वर प्लास्टिक झाकून, परीख पुलाखालच्या पाण्यातून. टीव्ही कशाला असं मी विचारलं तर मुलगा म्हणाला, "उनके घर बड़ा एलईडी होगा. बदक नै मरेगा." फ्लॅटच्या फाटकावर वॉचमननं अडवलं. भंगार वर न्यायचं नाही. भंगार खालून वर जातंय हे त्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. साहेबांनी गॅलरीतून आवाज दिला, "अरे येऊ दे त्यांना," आणि मग लिफ्टमध्ये टीव्ही, मुलगा आणि डबा एवढेच मावले.

साहेब सत्तरीचे, निवृत्त. डबा पाहिल्यावर खुर्चीत नीट बसले. त्यांनी तो मुंबईहून आणला होता, दोन मुलांसाठी. थोरल्याची दहावी आली, खेळ सुटेना, म्हणून एका रात्री माळ्यावर ट्रंकेच्या मागं दडवला आणि सकाळी मुलांना सांगितलं, देऊन टाकला. परीक्षा झाल्यावर काढायचा होता. तोवर मुलं आठ दिवस बोलली नव्हती, आणि पुन्हा बोलायला लागल्यावर विषय काढायची यांना हिंमत झाली नाही. मग विसरले.

त्यांनी थोरल्याला बेंगळुरूला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन डब्याकडं वळवला. पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "बाबा! तुम्ही तर म्हणाला होता देऊन टाकला."

माझ्या छातीत धस्स झालं. आता तो म्हणणार, माझ्यासाठी ठेवून द्या. भाईंच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मला वाटतं त्यांनी तेही धरूनच ठेवलं होतं. तो म्हणाला, "लावा ना एकदा."

आधी घरच्या एलईडीला लावला. चित्र झकास, बदक एकही पडेना, आणि नेम चुकला की गवतातून वर येऊन खिदळणारा कुत्रा दर वेळी खिदळला. मग मुलानं आमचा ट्यूबचा टीव्ही लावला. पहिल्या गोळीला बदक पडलं. साहेबांनी बंदूक मागितली. त्यांनी म्हणे तो खेळ विकत आणून कधी खेळला नव्हता. अर्धा तास ते खेळले, फोनमधून मुलगा ओरडत होता, "बाबा, खाली, खाली!" आणि भाई दाराजवळ टोपी सावरत उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. कपडे भिजलेत म्हणाले.

चिठ्ठी साहेबांनी स्वतः लिहिली. माळ्यावरील सर्व सामान, त्यात एक व्हिडिओ गेम, मी स्वखुशीने विकले असून त्यावर माझा किंवा माझ्या मुलांचा हक्क नाही. तारीख, सही, फोन नंबर. भाईंना मराठी वाचता येत नाही. त्यांनी ती मुलाकडून दोनदा वाचून घेतली, 'मुलांचा' हा शब्द आहे ना याची खात्री केली आणि घडी न घालता वहीत ठेवली.

यंत्र पुण्याला गेलं. मला ते जाऊ नये असं वाटत होतं, पण माझं त्यात काय होतं? नऊ हजार आले, टेम्पोचे हप्ते भरले, मुलाला एक सोल्डरिंगची इस्त्री मिळाली. तो शाळेत टिकला. पुढं आठवी केली, नववी केली. गणितात अजून कच्चा आहे.

संग्राहक माल न्यायला स्वतः आला होता, सभ्य माणूस. त्यानं सगळं तपासलं, पुठ्ठासुद्धा कापडात गुंडाळला. चिठ्ठीबद्दल कळल्यावर त्याचे डोळे चमकले. वस्तूसोबत पहिल्या मालकाच्या हातचा कागद असला की तिची किंमत वाढते म्हणाला, आणि पाचशे रुपये जास्त काढले. भाई नाही म्हणाले. त्यानं हजार केले. भाईंनी मुलाला कोपऱ्यावर पाठवून झेरॉक्स आणायला लावली आणि ती त्याच्या हातात दिली. मूळ चिठ्ठी लॅमिनेट करून शेडमध्ये वजनकाट्याच्या वर, खिळ्याला टांगलेली आहे.